टाळूवरचे चार खड्डे: एका खोल चाव्याचं प्रकरण

तिने तोंड उघडल्यावर मी आधी दात पाहिले नाहीत. आरसा उलटा धरून टाळूकडे पाहिलं, कारण तिच्या दंतवैद्यांनी सोबत दिलेल्या चिठ्ठीत एवढंच होतं: "खालच्या दातांची टोकं झिजली आहेत, भरून द्यायची आहेत, पण भरायला जागाच नाही." वरच्या मधल्या दोन दातांच्या मागे, हिरडी टाळूला मिळते त्या पट्टीत, चार छोटे खड्डे होते. रंग लालसर, कडा किंचित सुजलेल्या. तोंड मिटलं की खालचे चार पटाशीचे दात तिथे जाऊन टेकायचे. बहुधा कित्येक वर्षं टेकत आले असतील.

मुलगी २४ वर्षांची. तिच्या तक्रारी दोन. गार पाणी खालच्या दातांना झोंबतं, आणि हसली की फोटोत दातांपेक्षा हिरडी जास्त दिसते. टाळूवरच्या खड्ड्यांबद्दल ती काहीच बोलली नाही. रोजचं दुखणं रोजचंच होऊन बसतं. तिने आणखी एक गोष्ट आधीच ठरवली होती: तारा नकोत, पारदर्शक अलाइनर, म्हणजे दातांवर चढवायची प्लास्टिकची आवरणं, हवीत.

साचे घेतले. प्लास्टरच्या साच्यांवर चावा मिटवला तर समोरून खालचा एकही दात दिसेना. वरच्या दातांनी खालचे ८ मिमी झाकले होते. सर्वसाधारणपणे हे झाकण २ ते ३ मिमी असतं. ते असं वाढलं की आम्ही त्याला खोल चावा म्हणतो. वरचे मधले दोन दात आत कललेले आणि खाली लोंबल्यासारखे, त्यांच्या बाजूचे दोन मात्र पुढे झुकून मधल्यांवर अर्धवट चढलेले. वरची पहिली दाढ असायला हवी त्यापेक्षा साधारण २ मिमी पुढे. एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये चाव्यांची जी वर्गवारी केली, ती आम्ही अजून वापरतो. तिच्यात हा दुसऱ्या वर्गाचा दुसरा विभाग. हा चावा समोरून पाहणाऱ्याला फारसा वाईट वाटत नाही. पुढचे दात बाहेर आलेले नसतात, ओठ छान मिटतात, म्हणून तो लहानपणी बहुतेक वेळा नजरेतून सुटतो.

बाजूने काढलेल्या सेफॅलोग्राम एक्स-रेवर आकडे असे आले: कवटीच्या तळरेषेशी वरच्या मधल्या दाताचा कोन ८८ अंश (१०२-१०४ च्या आसपास अपेक्षित), खालच्या पटाशीच्या दाताचा खालच्या जबड्याच्या कडेशी ९० अंश, आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधला कोन १५६ अंश. हा शेवटचा आकडा १३० च्या जवळ असावा लागतो. १५६ म्हणजे दोन्ही दात जवळजवळ एका सरळ रेषेत उभे. अशा दातांना एकमेकांवर टेकायला जागाच उरत नाही. खालचा दात वरच्याच्या मागून घसरत वर जातो आणि हिरडी गाठेपर्यंत थांबत नाही. जबड्याचा कोन कमी, चेहऱ्याचा खालचा भाग आखूड, चावण्याचे स्नायू दणकट. खालच्या दातांच्या रांगेला बाजूने पाहिलं तर जो बाक दिसतो, ज्याला आम्ही कर्व्ह ऑफ स्पी म्हणतो, तो तिच्यात ४ मिमी खोल होता.

कोणता दात हलवायचा?

खोल चावा उघडायला तीन वाटा असतात. मागच्या दाढा उंच करायच्या, म्हणजे जबडा थोडा उघडा राहतो आणि पुढचं झाकण कमी होतं. किंवा पुढचे दात हाडात दाबून बसवायचे. किंवा पुढचे दात नुसते पुढे झुकवायचे, कारण काठी तिरकी केली की तिची उंची आपोआप कमी होते. तिसऱ्या वाटेची फसवणूक पुढे सांगतो, कारण तिच्यात मी स्वतः अडकलो.

दाढा उंच करणं वाढत्या मुलांमध्ये सोपं. जबडा वाढत असतो, त्यामुळे उंच झालेली दाढ त्या वाढीत सामावून जाते. २४ व्या वर्षी वाढ संपलेली, त्यात स्नायू दणकट. उंच केलेली दाढ हे स्नायू पुन्हा दाबून खाली बसवण्याचीच शक्यता जास्त. त्यामुळे ती वाट मी जवळजवळ बंद केली.

राहिले पुढचे दात. वरचे दाबायचे की खालचे? याचं उत्तर एक्स-रेपेक्षा तिच्या हसण्याने दिलं. मोकळं हसताना मधल्या दोन दातांवर ३ मिमी हिरडी दिसत होती, पण बाजूच्या दातांवर आणि सुळ्यांवर जवळजवळ काहीच नाही. म्हणजे ओठ आखूड नव्हता, जबडाही लांब नव्हता. फक्त दोन दात जास्त खाली उतरले होते. वर सरकवायचे ते हेच दोन. बाजूच्या दोघांना जागचं हलू द्यायचं नाही.

ही शेवटची ओळ लिहायला सोपी आहे. आज बहुतेक ठिकाणी पहिल्या भेटीत जी वायर बसते, तिला ती पाळताच येत नाही.

वायरला काय आठवतं

पहिली वायर म्हणून आज सर्रास लावतात ती निकेल-टायटॅनियमची, आमच्या भाषेत नायटी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी नौदलाच्या ऑर्डनन्स प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांच्या कामातून हा मिश्रधातू पुढे आला. नायटिनॉल या नावातलं 'नॉल' म्हणजे त्या प्रयोगशाळेची आद्याक्षरं. १९७० च्या दशकात आयोवा विद्यापीठातले जॉर्ज आंद्रेसन यांनी तो दातांच्या तारेसाठी आणला. वेड्यावाकड्या दातांत ही वायर कशीही वाकवून बसवा, ती हळूहळू आपल्या मूळ कमानीकडे परत जाते आणि जाताना दातांना सोबत ओढते. जोर हलका, बराच काळ टिकणारा. रांग सरळ करायला याहून चांगलं काही मिळायचं नाही.

पण तिला फक्त स्वतःचा आकार आठवतो. शेजारचे दोन दात वरखाली असतील तर ती एकाला वर ढकलते आणि दुसऱ्याला तितक्याच हक्काने खाली ओढते. आमच्या मुलीच्या तोंडात ही अखंड वायर लावली असती तर मधले दोन दात थोडे वर गेले असते आणि बाजूचे दोन थोडे खाली आले असते. रांग सरळ झाली असती. हसताना मात्र दोन दातांऐवजी चार दातांवर हिरडी दिसली असती.

अलाइनरबद्दलही तिच्याशी नीट बोललो. अलाइनर वाईट असतात अशातला भाग नाही. माझ्याकडे त्यांवर सुटलेले बरेच चावे आहेत. पण दात सरळ हाडात दाबणं आणि मुळाला आतल्या बाजूला वळवणं ही दोन कामं प्लास्टिकच्या आवरणाला जड जातात. पडद्यावर दाखवलेली हालचाल तोंडात पूर्ण उतरत नाही आणि मग नव्या संचांची फेरी सुरू होते. इथे नेमकी हीच दोन कामं होती. तिने दोन दिवस विचार केला आणि फोनवर म्हणाली, "डॉक्टर, तारा चालतील, पण धातूच्या कमी दिसतील असं बघा." वरच्या पुढच्या दातांना सिरॅमिक ब्रॅकेट, म्हणजे वायर धरायला दातावर चिकटवायचे खाचेचे छोटे तुकडे, लावायचं ठरलं.

चार ब्रॅकेट, एक लांब वायर

सुरुवातीला खाली काहीच लावलं नाही. चावा इतका खोल होता की खालचे ब्रॅकेट पहिल्याच जेवणात वरच्या दातांनी उडवले असते. वर पहिल्या दाढांना बँड (दाढेभोवतीच्या धातूच्या कड्या), त्यांना जोडणारी टाळूवरून जाणारी ०.९ मिमी जाडीची स्टीलची तार, आणि पुढे मधल्या दोन दातांना ब्रॅकेट. बाजूच्या दोघांवरही ब्रॅकेट चिकटवले, पण त्यांच्या खाचा रिकाम्या ठेवल्या. पहिल्या महिन्यात तिने दोनदा विचारलं की या दोन दातांत वायर का नाही. बरोबरच आहे. तारांनी भरलेलं तोंड पाहायची सवय असलेल्याला हे काम अर्धवट वाटणारच.

दाबण्यासाठी वापरली ती बीटा-टायटॅनियमची ०.०१७ × ०.०२५ इंचाची वायर, म्हणजे टीएमए. चार्ल्स बर्स्टोन आणि जॉन गोल्डबर्ग यांनी १९८० च्या सुमारास ती ऑर्थोडॉन्टिक्समध्ये आणली. तिची ताठरता स्टीलच्या साधारण ४० टक्के, शिवाय तिला नायटीसारखी स्वतःच्या आकाराची हट्टी आठवण नाही. पक्कडीने दिलेला बेंड ती ठेवते. एकच पथ्य: फार अणकुचीदार कोन द्यायचा नाही आणि एकाच जागी दोनदा वाकवायची नाही, नाहीतर तुटते.

ही वायर दाढेच्या बँडवरच्या जादाच्या ट्यूबमधून, म्हणजे बारीक नळीतून, निघते आणि मधल्या सगळ्या दातांना वगळून थेट पुढे येते. ट्यूबच्या पुढे २-३ मिमीवर एक बेंड द्यायचा, असा की वायर मागे अडकवून मोकळी सोडली तर तिचा पुढचा भाग ओठाच्या आतल्या खोबणीत, दातांच्या बराच वर तरंगतो. मग बोटाने खाली ओढून ब्रॅकेटपर्यंत आणायची आणि बारीक लिगेचर वायरने बांधायची. बांधायची ब्रॅकेटच्या वरून, खाचेत मुळीच नाही. खाचेत बसवली तर चौकोनी वायर दाताला पिळायला लागते आणि जोर किती लागतोय याचा हिशेब आपल्या हातात राहत नाही. वरून एका बिंदूवर बांधली तर हिशेब एका स्प्रिंगकाट्यावर मावतो.

काट्याने ओढून पाहिलं, आकडा ६० ग्रॅमच्या वर गेला. जास्त. वायर काढली, बेंड थोडा उघडला, परत लावली. ३५ ग्रॅम. दोन दातांना मिळून एवढं पुरे. दात हाडात दाबायला एका दाताला १० ते २० ग्रॅम लागतात. जोर वाढवला म्हणून दात लवकर जात नाही, उलट मुळाचं टोक झिजण्याचा धोका वाढतो. नवशिक्यांचा यावर विश्वास बसत नाही. ३५ ग्रॅम म्हणजे बोटाला जेमतेम जाणवणारी ओढ.

इतका हलका जोर सातत्याने देता येतो त्याचं कारण वायरची लांबी. एका टोकाला धरलेल्या तारेची लांबी दुप्पट केली की ताठरता आठपट कमी होते. गोल तारेचा व्यास दुप्पट केला तर ती सोळापट वाढते. ०.०१४ वरून ०.०१६ च्या वायरवर जाणं कागदावर काहीच नाही, पण जोर जवळजवळ १.७ पट होतो. दाढेपासून पुढच्या दातापर्यंतची लांब मोकळी तार ही या गणिताची कमाई आहे. दात अर्धा मिलिमीटर सरकला तरी जोर फारसा पडत नाही.

ढकलणाऱ्याला मागे रेटा बसणारच. पुढे ३५ ग्रॅम वर, म्हणून मागे प्रत्येक दाढेला साडेसतरा ग्रॅम खाली, आणि त्यासोबत दाढेचं डोकं मागे कलवणारी पिळवट. एरवी आम्ही या पिळवटीशी भांडतो, दाढेला उपदाढांशी जखडून ठेवतो. इथे दाढ मागे जायलाच हवी होती, म्हणून तिला मोकळं सोडलं. टाळूवरची तार दोन्ही दाढा एकमेकींकडे झुकू नयेत म्हणून. दुष्परिणाम असा कामाला लागला की बरं वाटतं.

आणखी एक बारीक निर्णय. दाढेच्या ट्यूबमधून मागे आलेलं वायरचं टोक वळवायचं की सरळ ठेवायचं? वळवलं तर वायर पुढे सरकत नाही, पुढचे दात बाहेर झुकत नाहीत. सरळ ठेवलं तर दाबताना ते आपोआप बाहेरही झुकतात, कारण जोर मुळाच्या मध्यबिंदूच्या पुढून लागतो. पुढे आलेले दात असते तर मी टोक वळवलंच असतं. हिचे दात १५ अंश आत होते. टोक सरळ ठेवलं, फक्त गालाला टोचू नये म्हणून ट्यूबलगत कापलं.

पाच महिन्यांत मधले दोन दात जवळपास २ मिमी वर गेले आणि ७-८ अंश बाहेर झुकले. आता ते बाजूच्या दातांच्या उंचीवर आले होते. आता कुठे नायटीची वेळ झाली. अखंड ०.०१६ ची नायटी चारही दातांत बसवली आणि ती ज्या कामासाठी जन्मली ते तिने सहा आठवड्यांत केलं.

जिथे मी चुकलो

वरचे दात बाहेर आल्यावर खालच्या दातांसमोर जागा झाली आणि खाली ब्रॅकेट लागले. ०.०१४, मग ०.०१६ नायटी. रांग बरी झाली, बाक तसाच. नवव्या महिन्यात तिने सांगितलं की कामानिमित्त तीन महिने तिला येता येणार नाही.

मी विचार केला, नायटी हलकी असते, बराच काळ काम करते, तर तिलाच तीन महिने काम करू द्यावं. उलट्या बाकाची तयार नायटी येते, ०.०१६ × ०.०२२ ची. ती मधे फुगलेली असते, त्यामुळे बसवल्यावर उपदाढा वर उचलते आणि पुढचे दात खाली दाबते. ती खाली घातली. मागची टोकं वळवली नाहीत. नायटीची टोकं वळवायची तर आधी ती ज्योतीवर तापवून मऊ करावी लागतात. त्या दिवशी गर्दी होती आणि मी ते टाळलं. एवढंच त्याचं कारण.

साडेतीन महिन्यांनी ती आली ती खुशीत. चावा उघडला होता. आरशात तिला स्वतःचे खालचे दात पहिल्यांदाच दिसत होते. झाकण ८ वरून ३ मिमीवर. माझ्या सहायिकेनेही "वा" म्हटलं.

मला बरं वाटेना, कारण सुळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना दीड-दीड मिमीच्या फटी पडल्या होत्या. दात हाडात दाबले गेले तर फटी पडत नाहीत. फटी पडतात त्या दात पुढे झुकले की. सेफॅलोग्राम काढला: ९० अंशांवरचे खालचे दात ९९ वर. उपदाढा वर आल्या होत्या आणि गालाकडे कलल्या होत्या. एका खालच्या पटाशीच्या दातापुढची हिरडी पातळ होऊन मुळाची निळसर उंचवट्याची रेघ दिसायला लागली होती. चावा उघडल्यासारखा दिसत होता तो बहुतेक काठी तिरकी झाल्यामुळे. वायर काढल्यावर ओठ आणि स्नायू ती काठी पुन्हा उभी करणार आणि झाकण परत येणार.

तीन महिने न येणाऱ्या रुग्णाच्या तोंडात काय घालून ठेवायचं? साधी, आहे त्या रांगेवर बेतलेली स्टीलची वायर. ती काही करत नाही, आणि तिथे तेच हवं असतं. हे मला त्या दिवशीही माहीत होतं.

तिला सगळं सांगितलं. एक्स-रे शेजारी-शेजारी ठेवून दाखवले, दोन्हीवर खालच्या दाताची रेघ पेन्सिलीने आखली. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे आता पुन्हा मागे न्यायचे?" मागे न्यायचे. चार महिने वाढणार. ते चार महिने माझ्या खाती, हे मी तिथेच सांगितलं.

स्टील

खाली ०.०१८ ची गोल स्टील घातली, सुळ्यांमागच्या फटी बारीक चेनने मिटवत आणल्या. पुढच्या सहा दातांच्या मधल्या स्पर्शांवर थोडं घासून आणखी १ मिमी जागा काढली. फटी मिटताना पुढचे दात मागे उभे राहू लागले. मग ०.०१७ × ०.०२५ ची चौकोनी स्टील, तिच्यात हाताने दिलेला उलटा बाक.

इथे एक गोम आहे आणि ती तयार वायरीत कुणी सोडवून देत नाही. चौकोनी वायरला उलटा बाक दिला की तिच्या पुढच्या भागाला आपोआप पिळ पडतो, आणि तो पिळ दातांना बाहेर झुकवणारा असतो. म्हणजे मला नको असलेली चूक वायर स्वतःच परत करायला निघते. म्हणून बाक दिल्यावर वायर टेबलावर ठेवून, दोन पक्कडींनी पुढचा भाग धरून उलट पिळायचा. एक पक्कड घट्ट स्थिर, दुसरी मनगटातून किंचित फिरते. मग वायरचा पुढचा भाग एका पक्कडीच्या चोचीत सपाट धरून पाहायचं: मागची टोकं चोचीच्या रेषेत राहतात का वर जातात? माझी पहिल्यांदा वर गेली, दुसऱ्यांदा खाली गेली, तिसऱ्यांदा हवी तिथे राहिली. वायर बसवली आणि या वेळी टोकं वळवली. स्टील वळवायला ज्योत लागत नाही. चिमट्याची एक कळ पुरते.

अँगल यांनी १९२८ मध्ये एजवाइज ब्रॅकेट मांडला, तेव्हा त्याची ०.०२२ × ०.०२८ इंचाची खाच सोन्याच्या मिश्रधातूची तार भरण्यासाठी होती. पुढे सोनं गेलं, स्टील आलं. स्टील सोन्यापेक्षा ताठ, म्हणून ०.०१८ ची अरुंद खाचही निघाली, पण जुनं माप संपलं नाही. लॉरेन्स अँड्र्यूज यांनी १९७० च्या दशकात प्रत्येक दाताचा कल ब्रॅकेटच्याच पोटात भरला. वायर सरळ ठेवा, वाकवायची गरज नाही, असा त्याचा भरवसा. तो बराचसा खराही ठरला. पण तिथे एक फट उरते, शब्दशः. ०.०२२ च्या खाचेत ०.०१९ × ०.०२५ ची वायर घातली की ती साधारण १० अंश सैल फिरते. ब्रॅकेटमध्ये लिहिलेला कल त्या सैलपणात हरवतो.

बऱ्याच रुग्णांत तो हरवला तरी चालतं. या मुलीत वरच्या मधल्या दातांची मुळं आत वळवल्याशिवाय पुढच्या दातांमधला कोन कमी होणार नव्हता, आणि कोन कमी झाला नाही तर खालचे दात पुन्हा घसरत टाळूपर्यंत गेले असते. म्हणून वर ०.०१९ × ०.०२५ च्या स्टीलमध्ये पुढच्या चार दातांसाठी जास्तीचा पिळ दिला. सैलपणाचे १० अंश भरून काढायचे आणि वर खरं काम करणारे काही अंश. दर भेटीत वायर काढून पिळ तपासायचा. काही वेळा तो तसाच असायचा, काही वेळा चावण्याने उतरलेला. या टप्प्याला सहा महिने लागले, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्या सहा महिन्यांत काहीही घडलेलं दिसत नाही. दाताचं टोक जागेवर असतं, हिरडीच्या आत मूळ चालत असतं. तिच्या आईने एकदा विचारलंही की हल्ली तुम्ही फक्त रबर बदलता का.

उरलेलं थोडक्यात. दाढांचं २ मिमीचं अंतर बरंचसं सुरुवातीच्या पिळवटीनेच भागलं होतं. राहिलेल्यासाठी वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत रबरं, फक्त रात्री, चार महिने. जास्त वेळ दिली नाहीत, कारण ही रबरं खालचे दात पुढे ओढतात आणि तिथे आम्ही एकदा पोळलो होतो. अधेमधे पुढच्या दातांचे छोटे एक्स-रे घेत राहिलो. वरच्या डाव्या मधल्या दाताच्या मुळाचं टोक बोथट झालं, एक मिलिमीटरच्या आत. दाबणं आणि मूळ वळवणं, दोन्ही एकाच दाताला सोसावं लागलं, त्याची ही किंमत. तिला ते एक्स-रेवर दाखवलं आणि नोंदवून ठेवलं.

एकूण २९ महिने. त्यातले चार माझे.

शेवटचे आकडे: झाकण २.५ मिमी. वरच्या दाताचा कोन १०३, खालच्याचा ९५, दोघांमधला १३५. हसताना मधल्या दातांवर हिरडीची एक मिलिमीटरची किनार. खालच्या त्या दातापुढची हिरडी पुन्हा जाड झाली नाही, पण आणखी पातळही झाली नाही. हिरडीच्या तज्ज्ञांकडे तिला पाठवलं. त्यांनी तूर्त नुसतं लक्ष ठेवायला सांगितलं.

तारा निघाल्याच्या दिवशी खालच्या सहा दातांच्या मागे बारीक पिळाची वायर कायमची चिकटवली. वर काढघाल करायची हॉली प्लेट, पण तिच्या टाळूकडच्या भागात पुढच्या दातांमागे ॲक्रिलिकची एक सपाट पायरी ठेवली. रात्री झोपेत दात आवळले की खालचे दात त्या पायरीवर थांबतात. पाठवणाऱ्या दंतवैद्यांनी दोन आठवड्यांनी खालच्या झिजलेल्या टोकांवर कॉम्पोझिट भरलं. या वेळी चिठ्ठी आली नाही, फक्त फोटो आला.

दीड वर्षाने ती तपासणीला आली. झाकण ३ मिमी, म्हणजे अर्धा मिलिमीटर परत आलं होतं. प्लेट रोज लावते का विचारलं, तर म्हणाली, "आठवड्यातून चार-पाच रात्री." खरं बोलणारे रुग्ण कमी असतात. आरसा उलटा धरला. टाळू गुलाबी आणि सपाट, खड्ड्यांची खूण नाही. मग तिने डबीतून प्लेट काढून हातात दिली. ॲक्रिलिकच्या पायरीवर ओळीत चार उथळ खळगे पडले होते.